नकार (तत्त्वासाठी)

कच्छच्या भूकंपग्रस्तांना मी मदत नाकारली, ही गोष्ट खरी आहे. आमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या भिंतीवर ती ऑइलपेंटनं लिहिलेली आहे, त्यामुळे मला ती नाकबूल करायचीही सोय नाही. का नाकारली, हे मात्र आता नीटसं सांगता येत नाही. त्या आठवड्यात मी त्याची इतकी कारणं इतक्या लोकांना सांगितली, आणि त्यातली काही इतकी चांगली निघाली, की मूळ कारण त्यांच्याखाली कुठंतरी दबून गेलं. सुधाला, म्हणजे आमच्या सौ.ना, विचारलंत तर ती एका शब्दात सांगते. ती म्हणते, "पिंप."

तेव्हा पिंपापासूनच सुरुवात करतो.

वर्षाचे गहू भरायला आमच्याकडे एक पत्र्याचं पिंप होतं. त्याला बुडाशी गंज चढला होता आणि पोळीला अधूनमधून लोखंडाचा वास यायचा. सुधाला स्टीलचं पिंप हवं होतं. स्टीलची पिंपं दुकानात विकत मिळतात हे मला माहीत आहे, नाशिकच्या भांडीबाजारात तर रांगेनं मांडलेली असतात. मी एकदा तसं सुचवूनही पाहिलं. त्यावर सुधा म्हणाली, की विकत काय, कोणीही आणेल. मोठं भांडं घ्यावं तर बोहारणीकडून, जुन्या कपड्यांवर, आणि तेही घासाघीस करून, अशी तिच्या माहेरची रीत आहे. तिच्या आईनं अख्खा संसार असा साड्यांवर उभा केला होता.

आमची बोहारीण सखुबाई. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत कपड्यांचं बोचकं घेऊन ती बारा वर्षं आमच्या गंगापूर रोडच्या पंचरत्न सोसायटीत येत होती. कापड ती बघायची नाही, दोन बोटांत धरून चोळायची, आणि त्यात विरलेलं काय आणि धडकं काय हे तिला कळायचं. सुधाचं आणि तिचं पिंपाचं बोलणं तीन वर्षं चाललं होतं. सहा साड्या, तीन पडदे, माझे नऊ शर्ट इथपर्यंत येऊन ते अडलं, कारण सखुबाईची नजर माझ्या लग्नातल्या सुटावर होती. तो तिनं एकदा गच्चीत उन्हाला टाकलेला पाहिला होता. सूट असेल तर पिंप, नाहीतर झाकणाचा डबा, असं तिनं स्वच्छ सांगून टाकलं. सूट सोडायला मी दोन वर्षं घेतली. तो मला होत नव्हता हे खरं आहे, पण पुढंमागं होईल अशी आशा होती.

शेवटी मी हो म्हणालो, आणि दोन हजार एक सालच्या जानेवारीतला शेवटचा रविवार ठरला. त्याच्या दोन दिवस आधी, सव्वीस तारखेला, भूकंप झाला.

इथं एक सांगायला हवं. मी काही दगडाचा माणूस नाही. टीव्हीवर ती पडलेली गावं बघून मला जेवण गेलं नाही. सुधा तर दोन दिवस दर अर्ध्या तासानं बातम्या लावून बसत होती. पण त्या बातम्या आणि आमचं गाठोडं यांचा काही संबंध असू शकतो, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. रविवारी सकाळी आठ वाजता मी माळ्यावरून गाठोडं काढलं. सोलापुरी चादरीत बांधलेलं ते धूड हॉलच्या मधोमध ठेवलं, घाम पुसला, आणि दारावरची बेल वाजली.

सुधाला वाटलं सखुबाई. मी दार उघडलं तर आमचे सेक्रेटरी वाल्मीकराव आहेर. हे मूळचे देवळ्याचे, घरचा कांद्याचा व्यापार, मन मोठं आणि आवाज बांधावरून हाक मारायच्या मापाचा. त्यांचा चुलतभाऊ हिरामण लाल कांद्याचा ट्रक घेऊन गुजरातेत जायचा होता. तो तसाच पुढं कच्छपर्यंत नेऊन कांदा वाटायचा आणि कांद्यावर सोसायटीचे कपडे टाकायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. ते दारातून आत आले, त्यांना गाठोडं दिसलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"गायधनी साहेब," ते म्हणाले, "मी मागायच्या आधीच तुम्ही बांधून ठेवलं."

आणि ते गाठोडं उचलायला वाकले. स्वयंपाकघराच्या दारात सुधा उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांचं बोलणं, सहा साड्या, तिची आई, हे सगळं त्या बघण्यात होतं. मी पुढं झालो आणि गाठोड्यावर हात ठेवला.

"हे द्यायचं नाही," मी म्हणालो.

आहेर वाकलेलेच राहिले. त्यांनी विचारलं, "का हो? हे कपडेच हायेत ना?"

त्या क्षणी मी पिंप म्हणालो असतो तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण समोर एक माणूस स्वतःच्या घरचा कांदा ट्रकभर वाटायला निघालाय, त्याला पिंप कसं सांगायचं? मी म्हणालो, "जुने कपडे आहेत. म्हणूनच द्यायचे नाहीत. ज्याचं सगळं गेलं त्याला आपलं उतरलेलं देणं हा त्याचा अपमान आहे. द्यायचं तर नवं द्यावं, नाहीतर देऊ नये."

हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं काढून हेडक्लार्क झालेला माणूस आहे. इतक्या वर्षांत मी तत्त्वाचं असं काही बोललो नव्हतो, आणि बोललो असतो तर हेडक्लार्क झालो नसतो. मला वाटलं, आहेर आता भांडतील. ते भांडले असते तर मी हरलो असतो आणि गाठोडं गेलं असतं. पण ते हळूच सरळ झाले, सोफ्यावर बसले आणि विचारात पडले.

"हा इचार आपण केलाच नाय," ते म्हणाले. चहा न घेताच उठून गेले.

त्या दिवशी सखुबाई आली नाही.

आहेरांचा विचार हा त्यांच्या आवाजातच असतो, त्यामुळे तो संध्याकाळपर्यंत सोळाही फ्लॅटमध्ये पोचला. तोपर्यंत पार्किंगमध्ये कपड्यांचा चांगला कमरेएवढा ढीग झाला होता. सोमवारी सकाळी तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर सावळीराम शेवाळे खाली आले आणि त्या ढिगातून स्वतःची माकडटोपी, दोन स्वेटर आणि एक कोट असं शोधून परत घेऊन गेले. अपमान नको, असं ते म्हणाले. दुपारी महिला मंडळाच्या पल्लवी खैरनार यांनी आपल्या साड्या उचलल्या. मंगळवारी ढिगात एक फाटका पडदा आणि लहान मुलाचं झबलं उरलं, आणि झबलं कोणाचं हे कोणी सांगेना.

मी हादरलो. मी फक्त आमचं गाठोडं वाचवायला गेलो होतो, आणि माझ्यामागं सोसायटी उभी राहिली. लोक जिन्यात थांबवून सल्ले देऊ लागले. शेवाळ्यांचं म्हणणं, मी हे वर्तमानपत्रात पत्र लिहून मांडावं, मसुदा ते तपासतील. पल्लवीताईंचं म्हणणं, सह्यांची मोहीम काढावी. एका तरुण गृहस्थानं, ज्यांचं नाव मला अजून माहीत नाही, माझा हात हातात घेऊन दाबला आणि ते ऑफिसला गेले.

शिवाय गाठोडं हॉलमध्येच होतं. ते परत माळ्यावर चढवायला गेलो तर पाठीत उसण भरली. सुधानं त्यावर एक चांगली चादर अंथरली आणि येणारेजाणारे त्यावर बसू लागले. शेवाळे तर रोज बसत. एकदा त्यांनी गाठोड्यावर थोपटून मला म्हटलं, "एवढं घरात असून तुम्ही दिलं नाहीत. याला मन लागतं." मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला.

सुधा मात्र माझ्याशी मोजकंच बोलत होती. बुधवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, सांगून टाका ना त्यांना, की पिंपासाठी ठेवलंय."

"भूकंपग्रस्तांपुढे पिंप?"

"मग देऊन टाका गाठोडं. मला नको पिंप."

"आता कसं देणार? तत्त्व आहे."

"रविवारी सकाळी नव्हतं," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. हे तिचं बोलणं मला लागलं. लागलं, कारण ते बरोबर होतं, आणि तरीही मला माझं तत्त्व तोपर्यंत थोडं थोडं पटायला लागलं होतं. एकच गोष्ट खरीही असेल आणि थापही असेल, तर त्या माणसानं काय करायचं, हे कुठल्याच नियमावलीत दिलेलं नाही. असतं, तर मला दिसलं असतं.

गुरुवारी पल्लवीताईंनी जिन्यात सहज विचारलं, "मग तुम्ही नवं काय देताय, काका?"

हे मला सुचलंच नव्हतं. नवं द्यावं नाहीतर देऊ नये, यातला फक्त दुसरा भाग मी पाळत होतो. मी म्हणालो, बघतोय. आणि ऑफिसातून अर्धी रजा टाकून मेन रोडवरून दोन चांगली, जाड, तपकिरी ब्लँकेटं घेतली. सोसायटीच्या ढिगावर ती नेऊन टाकायची मला लाज वाटली, म्हणून थेट सरकारी मदत कक्षात गेलो. तिथं खिडकीवरच्या गृहस्थानं ब्लँकेटांवरून हात फिरवला आणि दोन ब्लँकेटांची पावती फाडता येत नाही, असं सांगितलं. दहाचा गठ्ठा लागतो. मी म्हटलं, माझी दोन कोणाच्या आठांत घाला. ते म्हणाले, तसं करता येईल, पण मग देणगी व्यक्तीची राहत नाही, समूहाची होते, आणि समूहाला संस्थेचं पत्र लागतं. कुठल्या संस्थेचं? तुम्ही राहता त्या सोसायटीचं चालेल. सेक्रेटरीच्या सहीचं. त्यात एवढं हवं, की सदर सोसायटी मदतकार्यात सहभागी आहे.

मी स्वतः सव्वीस वर्षं लोकांना अशीच पत्रं आणायला लावत आलोय, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही हे मला माहीत होतं. सदर सोसायटी माझ्यामुळेच मदतकार्यातून बाहेर पडली होती. आहेरांकडे जाऊन मी कोणत्या तोंडानं ते पत्र मागणार होतो? ब्लँकेटं पिशवीत घालून, वर मेथीची जुडी ठेवून घरी आलो. सुधानं पिशवी उघडली आणि विचारलं, हे कोणासाठी. मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही.

शनिवारी फळ्यावर आहेरांच्या अक्षरात सूचना लागली. रविवारी सायंकाळी पाच वाजता पार्किंगमध्ये विशेष सभा, विषय: श्री. गायधनी यांचे म्हणणे. मी रात्रभर तळमळलो. भर सभेत कोणी विचारलं, की हॉलमधलं गाठोडं मग कशासाठी बांधलं होतं, तर? आयुष्यभरात मिळवलेलं माझं नाव काही फार मोठं नाही. दारावरची पाटी आणि ऑफिसातली खुर्ची, एवढंच. पण तेवढं तरी राहावं असं माणसाला वाटतंच.

सभेला सगळे आले. एरवी पाण्याच्या टाकीच्या सभेला पाच डोकी जमत नाहीत. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मधे त्या ढिगाच्या जागी तो पडदा आणि ते झबलं होतं. आहेर उभे राहिले. उद्या पहाटे हिरामणचा ट्रक निघतोय, ते म्हणाले, कांदा भरलाय, वर जागा रिकामी हाय. गायधनी साहेबांनी आपल्याला इचार करायला लावला, मी त्यांना नावं ठेवत नाय. पण मला सगळ्यांसमोर एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय आणि इतिवृत्तात लिहायचंय.

मी बोललो. वाईट बोललो नाही. मान, माणुसकी, उतरलेले कपडे, घेणाऱ्याचा खाली गेलेला हात, असं पंधरा मिनिटं बोललो. बोलता बोलता माझाच आवाज एकदा भरून आला, आणि तो खोटा नव्हता. सुधा शेवटच्या रांगेत बसून जमिनीकडे बघत होती. बोलणं संपल्यावर आहेरांनी पेन उघडलं.

"म्हंजे जुनं देणार नाय. नवं?"

घरात कपाटामागं दोन नवी ब्लँकेटं होती. पण ती अजून दिलेली नव्हती, आणि देता येत नव्हती, आणि का येत नव्हती हे सांगायला दहाचा गठ्ठा आणि सेक्रेटरीचं पत्र इथून सुरुवात करावी लागली असती. मी घुटमळलो.

"देणार की नाय? येक शब्दात सांगा, मला लिवायचंय."

"नाही," मी म्हणालो.

शेवाळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. आणि त्या टाळ्यांत फाटक वाजलं.

फाटकातून सखुबाई आत आली. तिच्या डोक्यावर पिंप होतं. नवं कोरं, झाकणाचं, दोन कड्यांचं. मागच्या उन्हानं ते असं चमकत होतं की पार्किंगमधल्या सगळ्या स्कूटरवर त्याचा उजेड पडला. काखेत नेहमीच्या बोचक्याऐवजी भांड्यांची पाटी होती. ती खुर्च्यांच्या मधून सरळ सुधापाशी गेली, पिंप खाली ठेवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ताई, तुमचं पिंप."

मी डोळे मिटून घेतले. आता हसतील, मग विचारतील, मग मला घर विकून दिंडोरीला भावाकडे जावं लागेल, इथपर्यंत माझा विचार झाला. पण कोणी हसलं नाही. डोळे उघडले तर शेवाळे आपल्या चपलेकडे बघत होते, आणि सखुबाई पाटीतून एक पातेलं काढून त्यांच्यापुढं ठेवत होती. "काका, तुमचा टोप. कोट आणि स्वेटरवाला." मग तिनं पल्लवीताईंसमोर तीन डब्यांचा संच ठेवला. मग आणखी दोघांपुढं काय काय ठेवलं. ढिगातून परत गेलेले कपडे सखुबाईला आधीच कबूल झालेले होते, हे तेव्हा मला कळलं. आहेरांनी एकेकाकडे बघितलं. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

सुधा उठून उभी राहिली होती. ती म्हणाली, गाठोडं वर आहे, आणते.

"राहू द्या," सखुबाई म्हणाली. "कुणाचेच कपडे आत्ता नको. मी गावाला चालली. कधी येईल माहीत नाय. वायदा केलेला, म्हणून आधी भांडी देऊन जाते. आली परत तर कपडे घेईल."

सुधानं विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

बारा वर्षं ही बाई आमच्या दारात बसून पाणी पीत होती. तिचं खरं नाव सखुबाई नसावं, ते आमच्या बायकांनीच ठेवलं होतं. तिच्या गावाचं नाव विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

"भचाऊकडं," ती म्हणाली.

भचाऊ हे नाव नऊ दिवस टीव्हीवर होतं. मी माझ्या भाषणाच्या जागीच उभा होतो आणि मला बसावं की उभं राहावं ते कळेना. आहेरांनीच मग विचारलं, मावशी, घरचे? ती म्हणाली, भाऊ आहे, त्याची पोरं आहेत, घर नाही. आई नाही. टेलिफोनच्या बूथवर भावाचा फोन आला होता. हे तिनं पाटीतली भांडी नीट लावता लावता सांगितलं.

"तिकडं काय पाठवू?" आहेरांचा आवाज पहिल्यांदाच आम्हाला कमी ऐकू आला. "कपडे पाठवू?"

"कपडा लय झाला. रस्त्यात पडलाय कपडा, त्याच्यावर गाई बसतात. भाऊ बोलला, तांदूळ मिळतो, शिजवणार कशात?"

शेवाळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. माझं तत्त्व बरोबर निघालं होतं. एका बाजूनं मला ते अजून खोटं वाटत होतं आणि दुसऱ्या बाजूनं कच्छच्या रस्त्यावरून त्याला पुरावा आला होता. मला आनंद झाला नाही. मला नक्की काय झालं ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

सुधानं पिंपाच्या झाकणावर हात ठेवला. ते तिनं एकदा उघडलं, आत बघितलं, परत लावलं. तीन वर्षं तिनं त्या पिंपाची वाट बघितली होती, ते तिच्याकडे पाच मिनिटंही झालं नव्हतं.

"सखुबाई, हे तुझ्याबरोबर घेऊन जा," ती म्हणाली.

"वायदा हाय, ताई."

"वायदा पुरा झाला. हे माझं झालं ना? मग माझं मी देतेय."

मला सुधाचा अभिमान वाटला. तो तिथं जाऊन सांगावा असंही वाटलं, पण माझ्या नकाराची शाई अजून वाळायची होती.

मग एकच धांदल उडाली. शेवाळ्यांनी टोप दिला. पल्लवीताईंनी डबे दिले आणि घरून कढई आणली. ज्यांचा वायदा नव्हता त्यांनी परात, तवा, पळ्या आणल्या. आहेर हिरामणला फोन करायला धावले, की केबिनमध्ये मावशींची जागा ठेव. शेवाळ्यांचं मात्र समाधान होईना. त्यांचं म्हणणं, भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं द्यायची पद्धत नाही. ते त्याच संध्याकाळी भांडीबाजारात जाऊन टोपावर नाव कोरून आले. त्यामुळे भचाऊकडची कोणी बाई आजही भात टाकताना सावळीराम शेवाळे, निवृत्त पोस्टमास्तर, हे वाचत असेल.

पहाटे ट्रक फाटकाशी उभा राहिला. कडाक्याची थंडी होती. सगळे जमण्याआधी मी ब्लँकेटं घेऊन खाली आलो. माझा बेत सोपा होता. नकार इतिवृत्तात गेला होता, तेव्हा उघड द्यायची सोय नव्हती. पिंपाचं झाकण उघडायचं, ब्लँकेटं आत कोंबायची, झाकण लावायचं, संपलं. मी झाकण उघडलं. आत काठोकाठ गहू होता. भांडं रिकामं देऊ नये म्हणून सुधानं आमच्या जुन्या पिंपातला सगळा गहू त्यात ओतला होता, आणि मला सांगितलंही नव्हतं.

मग मी ब्लँकेटं पिंपाभोवती गुंडाळली आणि सुतळीनं पक्की बांधली. तेवढ्यात आहेर आले. त्यांनी गाठ तपासली आणि म्हणाले, बेस केलं, पोचा पडणार नाय. मी सुतळीची टोकं आत खोचली. सखुबाई शालीत लपेटून केबिनमध्ये चढली, आणि ट्रक गेला. मला त्या आठवड्यात पहिल्यांदा हलकं वाटलं.

दहा दिवसांनी बेल वाजली. दारात आहेर, आणि त्यांच्या हातात घडी घातलेली दोन तपकिरी ब्लँकेटं.

"घ्या साहेब, तुमची. पिंपाला येक पोचा नाय. हिरामणनं जिवापाड सांभाळली. म्हणला, तिथं लोक मागत व्हते, थंडी लय होती. पण परक्याची वस्तू, आणि गायधनी साहेबांचा इषय, ते तर देणार नाय म्हणलेले. कशी देऊ?"

मी ब्लँकेटं घेतली. त्यांना कांद्याचा वास येत होता. आहेर गेल्यावर मी गाठोड्यावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. सुधानं चहा आणून ठेवला. ती काही म्हणाली नाही, याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे.

गुढीपाडव्याला आहेरांनी जिन्याखाली पेंटर बसवला. भूकंपात मदत करणाऱ्यांची नावं कायमची लिहून ठेवायची, असा त्यांचा विचार. वर सौ. सुधा गायधनी, पिंप एक, गव्हासह. मग बाकीचे. सगळ्यात खाली श्री. वेणीमाधव गायधनी, नकार, आणि कंसात तत्त्वासाठी. मी आहेरांना गाठलं आणि ती ओळ काढा म्हणून विनवलं. त्यांना आश्चर्य वाटलं. देणारे पंधरा झाले, ते म्हणाले, नाय म्हणणारा येकच माणूस भेटला, त्याला इसरून कसं चालंल? त्यांनी हे इतक्या मनापासून म्हटलं, की ओळ राहिली.

जूनमध्ये सखुबाई परत आली. पूर्वीपेक्षा बारीक झाली होती. सुधानं तिला आत बोलावून सोफ्यावर बसवलं, ती नको नको म्हणत खालीच बसली. गाठोडं सोडलं. तिनं सूट दोन बोटांत धरून चोळला, हा राहू द्या म्हणून बाजूला ठेवला, आणि बाकीचे कपडे मोजून घेतले. पिंप तिच्या भावाच्या दारात आहे, असं ती म्हणाली. चार घरचं पाणी त्यात भरतात.

मी कपाटामागून ब्लँकेटं काढली आणि तिच्यापुढं धरली. "ही तुम्हाला," मी म्हणालो. "याच्यावर भांडं नको. तशीच घ्या."

तिनं एकाचा कोपरा बोटांत धरला. चोळला. सोडला.

"नवं हाय, काका. मी जुनं घेते."

"अहो, पण मी देतोय."

"फुकट कशाला घेऊ?" ती म्हणाली. त्यात राग नव्हता. "वापरा तुम्ही. जुनं झालं की ठेवा माझ्यासाठी, भांडं देईल."

त्याला आता सात हिवाळे झाले. नाशिकची थंडी चांगली असते, आणि आम्ही दर वर्षी ती ब्लँकेटं काढून रोज पांघरतो. पहिली दोन वर्षं मला त्यांच्यात झोप यायची नाही. आता येते. ती मी मुद्दाम गच्चीत कडक उन्हात टाकतो, सुधाच्या नकळत दोनदा साबणात जास्त वेळ भिजवली. सखुबाई आली की मी ती घेऊन बाहेर येतो. ती कोपरा दोन बोटांत धरते, चोळते, आणि मान हलवते.

"अजून नाय, काका."